आईचा गोल पिनेचा कीबोर्ड

आई घाटकोपरला मराठी टायपिंग करायची. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, दाखला हरवल्याचे अर्ज. तिचा कीबोर्ड जुना, जाडजूड, गोल पिनेच्या वायरचा. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते, ते तिने आम्हा पोरांसाठी लावलेले. स्वतः कधी खाली बघायची नाही. विचारलं की म्हणायची, "माका बघूक लागना नाय."

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत होतं, सगळं कळायचं. काहीतरी सांगायचं असायचं आणि तोंडातून नुसती घरघर. पाटी दिली, मोबाईल दिला, तिने डाव्या हाताने दोन्ही ढकलून दिलं. एक दिवस बायकोने माळ्यावरचा तो कीबोर्ड काढून तिच्या मांडीवर ठेवला. आई रडायलाच लागली, आणि डाव्या हाताची बोटं टकाटक चालू झाली. दोन-तीन दिवस तो तसाच मांडीवर होता, कशालाच न जोडलेला. नव्या लॅपटॉपला गोल पीन लागणार कुठे?

बायको म्हणाली, "स्टेशनबाहेर गोल पिनेचा तयार कन्व्हर्टर मिळतो ना. एक जांभळं भोक, एक हिरवं. घेऊन ये."

मी विक्रोळीला कंट्रोल पॅनेलवर काम करणारा माणूस. आणि ही मला शिकवणार! म्हटलं, "मराठीला सारखी शिफ्ट लागते. एका हाताने जमेल तिला? शिफ्ट कोण धरणार, तू?"

"हो, धरेन की. बसेन बाजूला."

मी हसलो. खरंच हसलो, मूर्खासारखा.

मला कीबोर्ड आणि लॅपटॉपच्या मधे बसणारा छोटा सर्किट बोर्ड प्रोग्रॅम करायचा होता. एकदा दाबली की शिफ्ट आपोआप धरून ठेवणारा, फक्त आईसाठी. जोडणी तपासायला कीबोर्ड हवा, म्हणून तिच्या मांडीवरून उचलायला गेलो. तिने कडा धरून ठेवली. मी एकेक बोट सोडवलं. "दोन दिवसांत देतो गं," म्हटलं.

घरात पडलेला बोर्ड लावला. कीबोर्डची अक्षरं त्याला वाचता येत होती, पण लॅपटॉपपुढे स्वतः कीबोर्ड म्हणून उभं राहणं त्याच्या चिपच्या आवाक्यात नव्हतं. हे आधी बघायला काय झालं होतं मला? दुसरा मागवला, तो सव्वातीन व्होल्टच्या आसपासचा आणि कीबोर्ड पाच व्होल्टचा. मधे व्होल्टेज जुळवणारा आणखी एक तुकडा घालण्यापेक्षा थेट पाच व्होल्टचा, यूएसबीवाला तिसरा बोर्ड मागवला. घालायचा ना मुकाट्याने तो तुकडा! पण मला काम स्वच्छ हवं होतं. यात तीन आठवडे गेले. माझी पाठ पलंगाकडे असायची. आई चादरीवर बोटं आपटत राहायची, आणि मला वाटायचं, बरंय, हाताला व्यायाम होतोय.

तिसरा बोर्ड आला त्याच्या आदल्या दिवशी दुसरा झटका आला. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं तोवर माझं काम झालं होतं. झकास चालत होतं. शिफ्ट दाबून सोडली तरी टिकायची. कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला, डावा हात उचलून बटणांवर ठेवला. तो घसरून खाली पडला. तिने कीबोर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोनदा हात परत ठेवला. आठ दिवसांनी आई गेली.

तेराव्यानंतर बायको टेबल आवरत होती. कीबोर्ड पुसता पुसता थांबली.

"मांडीवर होता तेव्हा रोज दाबायची रे ती. परत परत तीच तीच बटणं. मला वाटलं, जुनी सवय." स्टिकरवरून तिने बोट फिरवलं. "यावर तर अक्षरं होती. आपण नुसतं शेजारी बसून बघायचं होतं."

वायरसुद्धा लागणार नव्हती.