हिरव्या रंगाखालचा नंबर

जुनी शिलाई मशिनं जमवायचा नाद मला नोकरी लागल्यावर जडला. मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. घरी सात मशिनं झाली होती, तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितलं की कळसाडीला त्याच्या मावशीकडे एक हातमशीन पडून आहे.

विकत घ्यायच्या इराद्यानेच मी गेले. मावशी सत्तरीच्या पुढच्या. मुलाने दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट मशीनला फासला होता, त्यामुळे त्याच्यावरचं नाव, चित्र, काहीच दिसत नव्हतं.

"इकानी नई शे," त्या म्हणाल्या. "ती कोनती शे, तेवढं माले सांग. मन्ही मायनी लगनमा देयेल शे. जर्मननी शे, आशी सांगे ती. सासरना लोके हसेत."

मी फोटो काढून जुनी मशिनं जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर टाकले. जाणकारांनी एकमताने कळवलं की ही कुठली तरी नक्कल आहे, वेळ घालवू नका. मला ते पटेना. खालच्या दोऱ्याचं शटल होडीसारखं लांबट होतं आणि तसं मी नकलेत कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी कळसाडीला गेले. रॉकेलचा बोळा फिरवायचा, वाट पाहायची, नखाने रंग उचलायचा. पात्याने खरवडलं असतं तर खालचं सगळंच गेलं असतं. तिसऱ्या रविवारी उजव्या कोपऱ्यात खाचा लागल्या. खडूची पूड चोळली तसे आकडे पांढरे उमटले आणि त्यांच्या वर कारखान्याची खूण. घरून आणलेल्या जुन्या कॅटलॉगशी ती ताडून पाहिली. मशीन जर्मनच होतं.

हे सांगितल्यावर मावशींनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मन्ही माय खरं सांगे."

त्यांनी सुनेला हाक मारून माझ्या तोंडून तेच पुन्हा वदवलं. संध्याकाळी मुलगा शेतातून आल्यावर त्यालाही.

त्या मशीनला लागणारी लांब सुई आता मिळत नाही. मी साधीच सुई जरा खाली ओढून कसली, तेल घातलं. पहिले दोन टाके सुटले, तिसऱ्यापासून शिवण धरली. मावशींचा खांदा दुखतो, म्हणून मूठ मी फिरवत राहिले आणि त्यांनी कापूस वेचायच्या चार झोळ्या शिवल्या. माझी मशिनं सातच राहिली.