तुझा निबंध पायात

कमलाभाभीचं नाव आधी घेतो. शहाद्यात एस.टी. स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. घरात मारवाडी बोलते, गिऱ्हाइकाशी अहिराणी. मी तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी. आश्रमशाळेतून सातवीत बाहेर पडलेला. डोंगरावरून खाली आल्यावर ज्याच्या त्याच्या दारात उभाच राहिलो. भाभीने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. "आठे बठ," म्हणाली. म्हणून तिचं नाव आधी. आता झालं ते सांगतो.

मी एका कॉलेजात कंत्राटी शिपाई होतो. संगणक विभागात. विभागाने परिषद ठरवली, वेब तंत्रज्ञानावर. पोस्टरं छापून आली. ती मी चिकटवली. शहादा, तळोदा, पार खापरपर्यंत. एस.टी.त पायाशी खळीची बादली. चिकटवता चिकटवता वाचायचो. 'शोधनिबंध मागवण्यात येत आहेत. सर्व इच्छुकांनी पाठवावेत.' खाली विषय दिलेले. त्यातला एक, 'आदिवासी बोली आणि वेब.'

खापरच्या बाजारात पोस्टर लावलेल्या भिंतीसमोर मी थांबलोच. हातावरची खळ वाळली तरी थांबलो. बोली माझी. इच्छुक मी होतोच.

माझ्याकडे सांगायला होतं. भाभीच्या दुकानात कॉम्प्युटर रिकामा असला की मी त्यावर आमची पावरी शोधायचो. बोली मिळायची नाही. मिळायचे होळीचे व्हिडिओ. आमची माणसं नाचताहेत आणि खाली कमेंटमध्ये लोक हसताहेत. माझी आई दवाखान्यात जाते तेव्हा तिला काय सांगितलं ते तिला कळत नाही. ती मान हलवते आणि घरी येऊन मला विचारते. तिच्या बोलीत तिला ते ऐकू येईल, असं वेबवर करता येतं का? हे मला लिहायचं होतं.

चहा घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो. कप ठेवले. बोललो.

"सर, मी निबंध पाठवला तर चालेल का?"

सरांनी शेजारच्या खोलीतल्या मॅडमना हाक मारली. "अहो, या इकडे. ऐका. आपल्या शिपायाला पेपर वाचायचाय!"

मॅडम आल्या. आणखी दोघे आले. मॅडम म्हणाल्या, "वाचायचाय की चिकटवायचाय?"

हसले. पोट धरून हसले. माझ्या हातात रिकामा ट्रे. तो कुठे ठेवावा कळेना.

सर डोळे पुसत म्हणाले, "अरे, तुझा निबंध पायात आहे. उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे येताहेत. तू बुध्या हो. त्यांच्यापुढे नाच. तेच आमचं आदिवासी सत्र."

बुध्या म्हणजे काय, ते खालच्या लोकांना फोटोतून माहीत आहे. मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे, अंगावर राखेचे ठिपके. आमच्यात ती मानता असते, नवस. पोर आजारी पडतं, बाप देवापुढे बोलतो, आणि मग होळीत बुध्या होऊन ती फेडतो. होळीआधीचे दिवस पाळणी पाळतो. खाटेवर अंग टाकत नाही. अनवाणी फिरतो. मी लहानपणी मरता मरता वाचलो तेव्हा माझा बाप माझ्यासाठी बुध्या झाला होता. त्याच्या तळपायाला फोड आले होते. त्याचा टोप घरी आढ्याला टांगलेला असतो. होळीशिवाय त्याला कोणी हात लावत नाही.

आणि मी सरांना काय म्हणालो? "हो सर." कंत्राट दरवर्षी सरांच्या सहीने पुढे सरकायचं. भीती माझ्या आधी बोलली.

भाभीच्या दुकानात जाऊन बसलो. तिने मशीन बंद केलं.

"रडी ऱ्हायना का?"

सांगितलं. ती सरांवर चिडली, त्याहून जास्त माझ्यावर.

"आणि तू हा म्हणना? तुन्हा बाप तुन्हासाठी नाचना, त्या सरना पाव्हनासाठी नही. तुले लिखनं काय व्हतं, ते सांग."

मी सांगत गेलो. ती मलाच टाइप करायला लावत होती. बोट अडकलं की म्हणायची, "चाल, पुढे चाल, म्हैस नको व्हऊ." शेवटी फॉर्मवर संस्थेचं नाव विचारलं होतं. मी थांबलो. माझी कसली संस्था!

"मन्हा दुकाननं नाव टाक. झेरॉक्स बी संस्था शे. कोण ना म्हनस ते देखू."

टाकलं. पाठवलं. उत्तर आलं नाही. नकारसुद्धा नाही.

उद्घाटनाचा दिवस. मी शिपायाच्या कपड्यांत गेलो. सर मंचामागे वाट बघत होते. त्यांनी नाटकाच्या सामानाच्या दुकानातून सगळं भाड्याने आणलं होतं. प्लास्टिकची पिसं. थर्माकोलचे भोपळे. पाहुणे पायऱ्यांपर्यंत आलेले. ढोलवाला तयार.

"चल, घाल लवकर."

मी हललो नाही. सरांनी स्वतःच्या हाताने तो टोप माझ्या डोक्यावर दाबला. तो खाली सरकून माझ्या डोळ्यांवर आला. अंधार. त्या अंधारात मला बापाचे फोड आलेले पाय दिसले.

मी टोप काढला. सरांच्या हातात दिला. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"सर, तुम्ही घाला. आधी बूट काढा. दिवस पाळा, जमिनीवर झोपा. पोर मरायला टेकलं की देवापुढे बोला. मग नाचा."

ढोलवाल्याने काठी खाली केली. तो आमच्याच पाड्यांकडचा होता. सर दात आवळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजच जातो," म्हणालो. गेलो.

आता मी भाभीच्या दुकानात काम करतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बाहेरून दहावीचा अभ्यास करतो. सुट्टीला पाड्यावर गेलो की आईचं, म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाइलवर भरून आणतो. पावरीचं पान वेबवर उभं राहतंय. हळूहळू. त्यावर नाच नाही. एकही नाच नाही. दवाखान्यात काय बोलायचं, ते आहे. माझ्या आईच्या आवाजात.

राग गेला का, असं कोणी विचारतं. नाही गेला. जाऊ देणारही नाही. रोज सकाळी शटर वर करताना तो टोप मला डोळ्यांवर जाणवतो, आणि मग कीबोर्डवर बोटं जोरात चालतात.

एक दिवस निबंध मी मागवणार आहे. पोस्टर पावरीत असेल. त्या कॉलेजच्या फाटकावर मी स्वतः खळीने चिकटवणार. सरांनी पाठवावा. पावरीत लिहून पाठवावा. मी त्यांना माझ्या टेबलासमोर उभं ठेवीन, मोठ्याने वाचायला लावीन. जीभ अडखळली की मी हसेन. शेजारच्या खोलीतल्यांना हाक मारून हसेन. मन मोठं कर, असं कोणी मला सांगू नये.

आणि भाभी, त्या दिवशी पुढच्या रांगेतली पहिली खुर्ची तुझी. ती मी स्वतः पुढे ओढीन आणि म्हणेन, "आठे बठ." माझ्या बापाने माझ्यासाठी फेडली, तशी मी तुझ्यासाठी ही मानता बोललोय. फेडीन.