बाबांचा कोट आणि केबिनमधला पलंग

मी अकरा वर्षं जहाजावर केबिन स्टुअर्ड होतो. पाहुणे नाश्त्याला गेले की त्यांच्या केबिन आवरायच्या, पलंग करायचे, टॉवेलचा हत्ती नाहीतर हंस करून ठेवायचा; संध्याकाळी ते जेवायला गेले की पुन्हा एक फेरी. मुलगी झाल्यावर ते काम सोडलं आणि परळच्या एका हॉटेलात लागलो. पण आईबाबांना एकदा पाहुणे म्हणून जहाजावर न्यायचं, हे मनातून गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी जमलं. एका रविवारी दुपारी लालबागच्या आमच्या खोलीत मी तीन कंपन्यांची माहिती दोघांसमोर ठेवली. एक आपल्या मुंबईहूनच सुटणारी. जेवण आपलं, शाकाहारी वेगळं, रात्री गाणंबजावणं, कपडे काय वाटेल ते. दुसरी सिंगापूरहून, कधीही, कुठेही जेवा, कुणी विचारत नाही, फुलपँट घातली तरी पुरे. तिसरीही सिंगापूरचीच, पण जुन्या वळणाची. तिथे जेवायचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, वाढणारा माणूस शेवटपर्यंत तोच. आणि दोन रात्री पुरुषांना कोट घालावा लागतो.

"ती तिसरी सोडा," मीच म्हणालो. "उगाच त्रास."

"होय तर," आई म्हणाली. "ह्यांका कोट खंयसून येतलो?"

बाबा गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडेपर्यंत बनियनवर काम केलं, नंतर एका गोडाऊनवर वॉचमन. माझ्या लग्नातही त्यांनी सफारी घातली होती. मी त्यांची सोय बघत होतो.

ते माझ्या मोबाइलवर त्या तिसऱ्या जहाजाच्या जेवणघराचा फोटो बघत होते. पांढरे टेबलक्लॉथ, काळे कोट.

"कित्याक सोडूची?" ते म्हणाले. "एकदा कोट घालून जेवतंय. काय बिघडला?"

गिरगावातल्या एका जुन्या शिंप्याकडे गेलो. मापं घेताना त्याने विचारलं, "लग्न कुणाचं, काका?"

"लग्न नाय. जेवण आसा," बाबा म्हणाले.

केबिनवरून मात्र वाद झाला. मला बाल्कनीची घ्यायची होती. बाबांना आतली, बिनखिडकीची चालत होती, कारण "निजाकच जावचा ना?" शेवटी आईने निकाल दिला: खिडकी पाहिजे, बाल्कनी नको, तिथून बघताना तिला गरगरेल. दोघांना खिडकीची घेतली, मी समोरच आतली घेतली. बायकोला रजा मिळाली नाही, मुलीची परीक्षा होती.

जेवणाचं मला टेन्शन होतं. जहाजावर पहिल्या रात्री आईला वाफवलेला मासा आला, त्याला ना मीठ ना तिखट. तिने पर्समधून लोणच्याची बाटली काढली. वाढणारा फिलिपिनो माणूस हे बघत होता. दुसऱ्या रात्री तिने न सांगता तिच्या ताटाशेजारी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू आलं, आणि मग रोजच. कधीही कुठेही जेवायच्या जहाजावर हे झालं नसतं. तिथे कोण कोणाला ओळखतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी आईबाबांच्या केबिनचा स्टुअर्ड मला पॅसेजमध्ये भेटला. इंडोनेशियाचा, पंचविशीतला असेल. हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं काही चुकलं का? तुमच्या फादरच्या केबिनमध्ये मला कामच नसतं. पलंग केलेला, बाथरूम पुसलेलं."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू ह्याच करी होतस ना? मगे तेवढाच त्याचा काम कमी."

"बाबा, तो घाबरलाय. पाहुण्यांनी स्वतः आवरलं तर सुपरवायझरला वाटतं हा काम करत नाही. मलाही वाटली असती भीती."

बाबांचा चेहरा पडला. "ह्या माका म्हायत नव्हता," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलवायला गेलो तर ते नीट घातलेली चादर दोन्ही हातांनी चुरगळत होते आणि आई पोट धरून हसत होती.

त्या रात्री कोट घालायचा होता. बाबा वेळेच्या अर्धा तास आधीच तयार. जेवणघराच्या दारातल्या माणसाने वाकून "गुड इव्हनिंग, सर" म्हटल्यावर ते थांबले, त्याच्याशी हात मिळवला आणि मगच आत गेले. जेवताना घास सावकाश घेत होते. एकदा आईकडे वाकून म्हणाले, "बरा दिसतंय मा?" आई म्हणाली, "दिसतास हो."

उतरायच्या सकाळी स्टुअर्ड निरोप घ्यायला आला. बाबांनी त्याचे वडील काय करतात ते मला विचारायला लावलं. भातशेती, तो म्हणाला. मग बाबा मला म्हणाले, "त्याका सांग, बापाशीक फोन कर नि सांग म्हणा, तुझो झील काम चांगला करता."

अकरा वर्षांत माझ्या कामाविषयी ते असं कधी बोलले नव्हते. तेव्हा त्यांनी ते काम कुठे पाहिलं होतं म्हणा. तुझ्या वडिलांना सांग, त्यांचा मुलगा काम चांगलं करतो, हे मी त्या पोराला इंग्रजीत सांगायला लागलो आणि मध्येच अडलो. पुन्हा सुरुवात करावी लागली. त्याने नीट ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवून मान लववली, आणि बाबांची बॅग उचलून आमच्या पुढे चालायला लागला.