विलायती उंदराचं माहेरपण

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सोनूबाईच्या तोंडाला सगळे टरकून असत. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी ती माशाचा भाव ठरवायची आणि लागल्यावर तो मोडायची. नवरा वारला तेव्हा तिने रडता रडता यमालाही चार शब्द सुनावले, आणि मग भटजी आयतेच समोर होते म्हणून त्यांनाही, असं बायका सांगत. काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कानावर आलेलं संध्याकाळपर्यंत साऱ्या वाड्याला ऐकवल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

अशा बाईला डॉक्टर दत्तात्रेय चौबळांनी नोकरीला ठेवलं, कारण दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. चौबळ जवळच्या चौलचेच. मुंबईतल्या काही व्यापाऱ्यांनी क्षयाच्या संशोधनासाठी एक फंड काढला होता. त्या फंडाने चौबळांना दोन वर्षं विलायतेत ठेवून हे शास्त्र शिकवून आणलं होतं, आणि बदल्यात त्यांनी दरवर्षी दोन तरुण डॉक्टर शिकवून तयार करायचे, असं ठरलं होतं. मुंबईत जागा महाग. शेठ लोक दानशूर होते, पण बंगल्याचं भाडं ऐकलं की त्यांचं दानशूरपण जरा आटायचं. म्हणून खाडीजवळच्या नारळाच्या वाडीतलं एक रिकामं घर घेण्यात आलं, आणि चौतीस साली तिथे एक मायक्रोस्कोप, तीन ट्रंका पुस्तकं, फुफ्फुसांचा भलामोठा रंगीत तक्ता आणि बरेचसे गिनीपिग येऊन दाखल झाले.

तक्ता बघून सोनूबाई म्हणाली, चिरून वाळत घातलेली घोळ मासळी अशीच दिसते. गिनीपिगांकडे मात्र तिने बराच वेळ निरखून पाहिलं आणि हे विलायती उंदीर आहेत असं जाहीर केलं. हे उंदीर नव्हेत, हे डॉक्टरांनी तिला पुनःपुन्हा समजावलं. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि उंदीरच म्हणत राहिली. पुढे पुढे शिकायला आलेले ते दोन डॉक्टरही चौबळांच्या माघारी उंदीरच म्हणू लागले.

काम साधं होतं. पिंजरे झाडायचे, गवत घालायचं, पाणी बदलायचं. उंदरांना शिव्या घालायचं काम नेमणुकीत नव्हतं, ते ती आपखुशीने करी. घरी परतताना वाड्यात थांबून ती दिवसभराचा वृत्तांत सांगायची. डॉक्टर माणसाचा बेडका घेतो, उंदराच्या मांडीत टोचतो, दीड महिना वाट बघतो, मग उंदीर फाडतो. आत गाठी दिसल्या तर माणसाला क्षय आहे, नाही दिसल्या तर नाही. वाड्याला हे काही फारसं पटलं नाही. उंदरालाच विचारायचं होतं तर विलायतेला कशाला जायला पाहिजे, आमचा भगत इथे बसून कोंबड्याला विचारतोच की, असं लोकांचं म्हणणं पडलं.

अशात सोनूबाईची सून राही खोकायला लागली.

या सासू-सुनांचं भांडण ही वाड्याची करमणूक होती. सोनूबाई राहीला आळशी म्हणे, वेंधळी म्हणे, माहेरच्यांनी आपल्या गळ्यात मारलेली म्हणे. पण खरं सांगायचं तर राहीवर तिचा जीव होता. साऱ्या वाड्यात तिला उलट उत्तर देणारं एवढं एकच माणूस होतं. बाकीचे मान खाली घालून ऐकून घेत, आणि ऐकून घेणाऱ्याशी भांडण्यात काय मजा आहे? राही कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायची, तेही लांबलचक. आता ते उत्तर मधेच तुटू लागलं. दोन शब्द बोलली की खोकला, आणि संध्याकाळी अंगात बारीक ताप. समोरून जबाब येईना म्हणून सोनूबाईच्या शिव्याही अर्ध्यावर थांबू लागल्या.

तिने राहीला हाताला धरून डॉक्टरांसमोर उभं केलं. मायक्रोस्कोपखाली काही दिसलं नाही, पण ताप काही हटेना. तेव्हा डॉक्टरांनी राहीचा बेडका एका तपकिरी गिनीपिगाला टोचला. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता.

इथे सोनूबाईने घोळ घातला. ती वाड्यात सांगून बसली.

राहीचा नवरा कान्हा आपल्या चुलत्याच्या, म्हणजे भागोजीच्या होडीवर जात असे. भागोजी सोनूबाईचा थोरला दीर. घरातला शब्द त्याचा. त्याने चार माणसं जमवली आणि सांगून टाकलं की उंदरात रोग निघाला तर राहीला माहेरी धाडायचं आणि कान्हाचं दुसरं लग्न करायचं. कान्हा समोर बसून जाळं शिवत होता. तो शिवतच राहिला. राहीचं माहेर रेवसजवळच्या बोडणीला. आईबाप कधीच गेलेले, भाऊ बायकोच्या मुठीत. भावजय नणंदेला मागच्या पडवीत गोणपाट टाकून देईल आणि ती कधी मरते याची वाट बघत बसेल, हे सगळ्यांना दिसत होतं. क्षयाच्या सुनांचं तेव्हा असंच होई. कुणाला त्यात वाईटही वाटत नसे, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

सोनूबाईने गावदेवीला कोंबडा बोलला. उंदीर फाडेपर्यंत धडधाकट राहू दे आणि आतून स्वच्छ निघू दे, असा नवस. गावदेवीने मुलगे दिले होते, वाट चुकलेल्या होड्या परत आणल्या होत्या, पण उंदराच्या प्रकृतीचं साकडं तिला बहुधा पहिल्यांदाच घातलं जात होतं.

थोड्या दिवसांनी टिळेवाला उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसू लागला. मांडीपाशी गाठ आली. सोनूबाईने विचार केला तो असा: डॉक्टर उंदराला तेच ते गवत घालतो, त्या टेबलावर मेलेल्या उंदरांचा वास येतो, इथे कुणाची प्रकृती सुधारेल? पोरीसुद्धा बाळंतपणाला माहेरी जातात. याला चार दिवस घरी न्यावं, कोवळा माठ खाऊ घालावा, बरा झाला की परत आणून ठेवावं. फसवाफसवी तिच्या डोक्यात नव्हती. निदान तिची स्वतःची तशी समजूत होती. तिने उंदीर टोपलीत घातला, वर सुकट पसरली, आणि पिलावळीच्या पिंजऱ्यातला एक धट्टाकट्टा टिळेवाला उचलून त्याच्या जागी ठेवला. या नव्याचा टिळा जरा वाकडा होता, पण डॉक्टर टिळे बघत नसत.

घरी तिने राहीला सांगितलं की हे अशक्त जनावर आहे, डॉक्टरने पोसायला दिलंय. राहीने त्याला माठ घातला, भोपळ्याची सालं घातली, मांडीवर घेऊन बसली. आजारी माणसाला दुसऱ्या आजाऱ्याची सेवा करायला आवडतं.

पण उंदीर परत न्यायची वेळच आली नाही. फंडाचे सेक्रेटरी दयारामभाई मुंबईहून वार्षिक पाहणीला यायचे होते. त्यांना काहीतरी पुरं झालेलं दाखवता यावं म्हणून डॉक्टरांनी दीड महिना भरायच्या चार दिवस आधीच वाकड्या टिळ्याचा उंदीर फाडला. आतून अगदी स्वच्छ. डॉक्टरांनी राहीला हिवताप ठरवला, कोयनेल दिलं. भागोजी कुरकुरला, पण नवसाचा कोंबडा चवीने खाल्ला. सोनूबाई तेव्हा वाड्यातून जी छाती काढून हिंडली, ती काही विचारू नका.

आठवडाभरात पाहुणा माठ खाईनासा झाला. एका सकाळी राही म्हणाली, "आये, याला उठवतंय तर उठत न्हाय."

सोनूबाईने मेलेला उंदीर फडक्यात गुंडाळला आणि खाडीवर गेली. ओहोटी लागली होती. फेकला असता तर वाहून गेला असता, कुणाला पत्ता लागला नसता. राही घरात राहिली असती, टोपल्या उचलत, चूल फुंकत, आणि वर्षभरात त्याच चुलीपाशी मेली असती. आणि सांगितलं तर बोडणीच्या पडवीत मेली असती. दोन्हीकडे मरणच, आणि दोन्हीची चावी आपल्याच हातात. सोनूबाई तिथे चिखलात उभी राहून रडली. यमाला सुनावायला तिला या वेळी एकही शब्द सुचला नाही.

मग ती डॉक्टरांकडे गेली.

दयारामभाई आदल्याच दिवशी येऊन पोचले होते. रेवसला आगबोटीतून उतरून पुढे बैलगाडीने आल्यामुळे त्यांची हाडं खिळखिळी झाली होती, आणि आल्यापासून त्यांनी नाकावरचा रुमाल काढला नव्हता. डॉक्टर त्यांना आणि आपल्या दोन विद्यार्थ्यांना राहीचीच गोष्ट सांगत होते. खोकला आणि तापावरून घाई कशी करू नये, जनावराची परीक्षा कशी निर्णायक असते, वगैरे. सोनूबाई सरळ आत शिरली आणि टेबलावर फडकं सोडलं.

"डाक्तर, तुमी फाडलात तो उंदीर भलता. खरा ह्यो हाय."

डॉक्टरांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सुरी घेतली. पांथरीवर, म्हणजे प्लीहेवर, पिवळट ठिपके होते, गाठी होत्या, पुस्तकातल्या चित्रात असतात तशाच. विद्यार्थी वाकून बघू लागले. त्यांना इतका चांगला नमुना वर्षभरात मिळाला नव्हता, आणि आनंद दाखवावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

मग डॉक्टर भडकले. फंडाने विलायतेपर्यंत खर्च केला, आपण दोन वर्षं थंडीत कुडकुडत शिकलो, ते एका बाईने सुकटीच्या टोपलीत घालून घरी नेलं, असं ते बरंच काही बोलले. तिला त्याच क्षणी कामावरून काढलं. सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, मला काढा, मारलंत तरी चालेल, पण राहीला इथे ठेवा. विश्रांती, अंडी, दूध, उघड्या हवेत खाट, हेच औषध ना? तुम्हीच या पोरांना शिकवता, मी रोज पिंजरे झाडताना ऐकते.

डॉक्टर म्हणाले की हे इस्पितळ नव्हे. फंड जनावरांना पैसे देतो, पुस्तकांना देतो, विद्यार्थ्यांना देतो. रोग्याला देत नाही. क्षयाच्या नावाने काढलेल्या फंडात क्षय झालेल्या माणसासाठी जागा नव्हती. हे बोलल्यावर ते स्वतःच जरा ओशाळले आणि दयारामभाईंकडे बघू लागले.

दयारामभाईंनी पहिल्यांदा नाकावरचा रुमाल काढला. जन्म व्यापारात गेलेला माणूस. "पेशंटचा खाता आपल्याकडे नाय," ते म्हणाले. "जनावर सांभाळणाऱ्या बाईचा हाय. आत्ताच रिकामा झाला ना? त्या सुनेला ठेवा. ती उभ्याने सांभाळते का खाटेवरून, ते बघायला मुंबईहून कोण येते?"

मग डॉक्टरांनी सोनूबाईला विचारलं की कामं कोण करणार. ती म्हणाली, मी, फुकट. आणि वाड्यात काय सांगणार, डॉक्टरांनी विचारलं.

"सून नोकरीला लागली म्हनून सांगन."

"आणि खरं?"

"खरं कुनाला न्हाय सांगायची."

डॉक्टरांना हसूच आलं. हा एक शब्द तिला पाळता येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

त्या दिवसापासून प्रत्येक गिनीपिगाच्या कानाला आकड्याची पत्र्याची टिकली लागली. चौबळांकडे पुढे शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी टिकली लावायलाच शिकवत. का, ते मात्र डॉक्टर कुणाला सांगत नसत.

राही मागच्या ओटीवर खाटेवर पडून राहू लागली. दूध, अंडी, समोर खाडी. खोकल्याचं थुंकायला झाकणाचा डबा. सोनूबाई पिंजरे झाडी, गवत कापी, तिचे कपडे उकळी. वाड्याला दिसलं ते एवढंच, की सून नोकरीवाली होऊन खाटेवर पाय ताणून पडते आणि सासू तिची भांडी घासते. मग काय, वाड्याला सणच. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी सोनूबाईचं ऐकून घेतलं होतं, त्या सगळ्यांची वसुली सुरू झाली. सोनूबाई आता सुनेच्या पिंजऱ्यात गेली, असं शेजारची मनुबाई भर बाजारात म्हणाली. भागोजीने विचारलं, भावजयबाईंना मडमेने सुट्टी कधी द्यायची? सोनूबाईचं तोंड उघडे, आणि ती त्यात पान सरकवून ते मिटे. तिने इतकं पान कधी खाल्लं नव्हतं.

एकदाच ती कान्हाला बोलली. ओटीवर येऊन तो नुसता गप्प बसे, म्हणून. बोल तिच्याशी, जाळं नंतर शिव, असं. तोही मग बोलायला शिकला, थोडंथोडं.

दोन पावसाळे असे गेले. डॉक्टरांनी पुन्हा एक जनावर टोचायचं ठरवलं, तेव्हा सोनूबाईनेच त्या पिंजऱ्याला कुलूप लावायला सांगितलं. चावी तुमच्या खिशात ठेवा, म्हणाली, माझा माझ्यावर भरवसा नाही. दीड महिना तिने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. या खेपेला कानाला टिकली होती, आणि आत एकही ठिपका नव्हता.

राही घरी आली. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून भात तळाला लागला. करपल्याचा वास आला आणि सोनूबाईच्या तोंडाचं दोन वर्षांचं कुलूप निघालं. आळशी, वेंधळी, खाटेवर लोळून लोळून हात विसरलेली, माहेरच्यांनी गळ्यात मारलेली. आवाज पार बंदरापर्यंत गेला. टोपली घेऊन चाललेली मनुबाई दारात थबकली.

राहीने पळी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि उत्तर दिलं. सासूच्या करपलेल्या कालवणांपासून ते टोपलीतल्या उंदरापर्यंत सगळं काढलं. लांबलचक उत्तर, आणि मधे एकदाही खोकली नाही. सोनूबाई पदराने डोळे पुसत शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "आनखी बोल."