पडद्यावर दिसलेलं जहाज

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. मुलीजवळ नाही, देवापुढेसुद्धा नाही. आज का बोलतेय? — जाऊ दे, कारण कशाला शोधू.

आमचे हे विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, यांनी एरी लेकमध्ये बुडालेलं एक जहाज शोधायला घेतलं. लाकडी, दोन डोलकाठ्यांचं, माझ्या पणजीच्या काळातलं. त्यासाठी छोटी बोट आणि पाण्याखालचं दाखवणारं सेकंडहँड यंत्र आणलं. लॉन कापतो ना आपण, तसे पाण्यावर सरळ पट्टे मारायचे — स्टिअरिंगवर हे, पडद्यापुढे मी. यंत्र जुनं, चित्र साठवत नसे. सरकलं की गेलं. मी "काही नाही" म्हटलं की हे नकाशावर तो पट्टा पेन्सिलीने काळा करायचे. तिथे पुन्हा जायचं नाही.

"शालू, तू डोळे, मी ड्रायव्हर," म्हणायचे.

"आणि चहावाली कोण?"

तेव्हा तिकडे ब्रॉसार्डला, गाडीने दिवसभराच्या अंतरावर, मुलीचे दिवस भरत आले होते. डिंकाचे लाडू डब्यात तयार. आणि यांचं एकच — पाणी शांत आहे, अजून एक दिवस जाऊ. त्या सकाळी मी घुश्शातच बोटीत बसले. आणि — दिसलं. लांबट काळी सावली, बाजूला दोन काड्या. दुसरं काय असणार? सांगितलं तर हे आता इथून हलणार नाहीत, तिकडे पोर एकटी —

"काही दिसतंय का गं?"

"काही नाही. वाळूच आहे."

मुलीकडून परत आल्यावर सांगू म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. पण नातू झाला, मग विंटर आला, मग — कोणत्या तोंडाने सांगायचं? पुढचे कित्येक उन्हाळे हे त्या काळ्या पट्ट्याच्या आसपास बोट फिरवत राहिले, आणि मी थर्मासमधला चहा ओतत पडद्याकडे बघत राहिले. शेवटच्या आजारात म्हणाले, "माझं गणितच चुकलं असणार." तेव्हा तरी? तेव्हाही नाही. पांघरूण सारखं केलं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण खरी लाज पुढेच आहे.

मागच्या उन्हाळ्यात काही तरुण डायव्हर्सना ते जहाज सापडलं. यांच्याच पट्ट्यात. यांनी नकाशाच्या कॉप्या जहाज शोधणाऱ्या सगळ्यांना वाटल्या होत्या, म्हणून इतकी वर्षं तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. त्यातला एक घरी आला. बिचकत विचारलं, अंकलकडून हे कसं सुटलं? मुलगी शेजारीच होती. आणि मी — मी म्हटलं, नजर अधू झाली होती त्यांची. स्क्रीन स्वतःच बघायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मुलीने माझा हात दाबला. "इट्स ओके, आई. बाबा वॉज ओल्ड."

आता ते डायव्हर्स हेच सांगतात. लायब्ररीतल्या कार्यक्रमातही सांगितलं — एक म्हातारा जहाजावरून गेला आणि त्याला दिसलंच नाही. लोक हसले. मीही हसले. हो, पहिल्या रांगेत बसून.

यांची नजर शेवटपर्यंत स्वच्छ होती. सुईत दोरा हेच ओवून द्यायचे मला.