पोथीत नसलेली पारबताबाई

तुरीच्या ओल्या शेंगा सोलत आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. शांता म्हणाली, "आपन मोहगावकर. पन मोहगावात आपलं हाय तरी कोन? एकदा पाहून तं या." मी म्हणालो, "सोल गुपचूप." दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. पन्नास वर्षं संसार केला आणि शेवटी हे बोललो.

तेरवी आटोपून मी मोहगावला जायला काटोलहून एकटाच रेल्वेत बसलो. डोळा लागला, उतरायचं ते पांढुर्णा मागं पडलं, तिगावला उतरावं लागलं. ऑटोवाल्यानं परत पांढुर्ण्याला आणून टाकलं. स्टँडवर पोहेवाली म्हणाली, "आडनाव शोधून राहिले? काकाजी, इथं लोकं पोळ्याच्या पाडव्याले गोटमारीची दगडफेक पाहाले येतात." तिची तर्री झणझणीत होती, तिच्या बोलण्यावर मात्र मला हसू आलं नाही.

सौसरची बस धरली. दोन्हीकडे कापूस वेचून झालेला, मधे संत्र्याचे बगीचे. सौसरला आमच्या घराण्याचा भाट (वंशावळ लिहून ठेवणारा) राहतो. त्यानं लाल फडक्यातली पोथी सोडली.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच फुशारकी चालायची. खापरपणजोबा गोमाजीनं जंगल तोडून मोहगावात वावर केलं, म्हणून आपण मोहगावकर. पोथी सांगत होती की गोमाजी वर्धा नदीपलीकडून हात हलवत आला, घरजावई झाला. वावर सासऱ्याचं. त्याची पोरं पुढं काटोलला गेली, तिथल्या लोकांनी त्यांना मोहगावकर म्हटलं. एवढं खोटं आम्ही मिशीला ताव देऊन सांगत होतो.

"त्याच्या बायकोचं नाव?"

"बायांचे नावं नसतात लिवत, भाऊ."

शेवटचं पान काढलं. माझं नाव, दोन पोरांची नावं. शांता कुठंच नाही.

"माह्या बायकोचं बी नाही?"

"मी आलतो तवा त्या चहा घेऊन आल्या, माहं लिवलं का म्हनून विचारलं. तुमीच हासून म्हनाले, बायांचं कायले?"

माझ्या तोंडातून शिवी निघाली. भाट दचकला. त्याला नव्हती दिली.

दुपारी मोहगाव गाठलं. पोथीतल्या खुणेनं शोधलेल्या त्या वावरात वच्छलाबाई नावाची म्हातारी संत्र्याची तोड करून घेत होती. पहिलं फळ तिनं धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) शेंदरी दगडापुढं ठेवलं.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"पारबताबाईचं. वावर तिचं होतं, बापाकडून आलेलं. पयलं फळ तिचंच."

"आन गोमाजी?"

"तो कोन, बापा?"

मी खाली मातीतच बसलो. म्हातारीनं संत्रं सोलून हातात दिलं, रात्री भाकर घातली, ओसरीवर झोपू दिलं. कोण, कुठला, एका शब्दानं विचारलं नाही.

सकाळी पहिल्या बसनं परत सौसर. भाट दात घासत होता.

"पोथी काढ."

"रीत नाही, भाऊ. आन हे पोथी आमच्या बापजाद्याची हाय."

"माह्या घरची रीत मीच सांगतली होती तुले. आता मीच मोडून राहिलो."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पोथी पुढं सरकवली. चौथी शिकलेला हात माझा, अक्षर वाकडं. गोमाजीच्या बाजूला पारबताबाई लिहिलं. माझ्या बाजूला शांता लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याला पोथी मिटू दिली नाही.