पह्यली रोटी भैय्याजीले

नाचणगावात लांब रोटी म्हटली की माही मोठी जाऊ, रुख्माबाई. सैल कणीक हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची अन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अल्लद टाकायची. तीस वर्षं गावच्या लग्नातल्या पंगती तिच्याच हातानं जेवल्या.

तिले शौचातून रक्त जायचं. आमी साऱ्या शहाण्यांनी ठरवलं, चुलीची उष्णता हाय. सब्जा पाजला, ताक पाजलं, तेही दोन वर्षं! आग लागो माह्या अकलेले. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरनं खालून दुर्बीण टाकली, तवा मोठ्या आतड्याच्या शेवटी कॅन्सरची गाठ दिसली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, अन् पोटाले भोक पाडून शौचाची पिशवी लावली. ती आता जन्मभराची.

सहा महिन्यात बाई उभी झाली. पण लोकं! किराणावाले भैय्याजी, त्याइच्या पोरीचं, आचलचं लग्न. मले म्हणतात, "मंजुषा, यंदा जावेले राहू दे. पाहुणे किळस करतीन." असा राग आला मले! घरी येऊन सांगतलं, तर रुख्माबाई म्हणे, "अस्सं? चाल, मडकं उचल."

भर दुपारी आमी दोघी मांडवात. मी मडकं घेतलं, तिनं कणकेची परात. मागच्या अंगणात नाई, पंगतीच्या समोर चूल मांडली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले अन् मोठ्यानं बोलली, "आयका! माह्या पोटावर हागायची पिशवी हाय. हातावर नाई. ज्याले खायचं त्यानं खा, ज्याले नाई त्यानं उठा."

कोणी उठलं नाई. पण हातही कोणी पुढं केला नाई.

पह्यली रोटी निघाली. तिनं ती थेट पाहुण्याइसंगं पंगतीत बसलेल्या भैय्याजीच्या ताटात टाकली. "अगोदर तुमी खा. मंग पाहू कोणाले किळस येते."

सारा मांडव पाहून राह्यलता. भैय्याजीनं तुकडा तोडला, चावला, गिळला. मंग काय, चारी बाजूनं "इकडं द्या, इकडं द्या" सुरू झालं. मी तर रडलीच!

भैय्याजी मात्र ताट सोडून चुलीजवळ येऊन उकिडवे बसले. हळूच म्हणाले, "बाई, तुले सुरुवातीले काय होत होतं?"

रुख्माबाईनं हातातली कणीक परातीत टाकली.

"रक्त जात होतं. तुमाले कधीपासून जाते?"